मधले सहा महिने

आमच्या भागात दहावीचे वर्ष घरात शिरले की पहिल्यांदा टीव्हीचा रिमोट जातो, मग सायकलवरची भटकंती जाते आणि नाताळच्या सुमारास फुटबॉलचे बूट माळ्यावर जातात. आई ते वर्तमानपत्रात गुंडाळते, वरून सुतळी बांधते आणि म्हणते, "कॉलेजला गेलास की काढू." या वाक्यात कुणालाच काही खटकत नाही. वस्तू बाजूला ठेवली तर तिच्यावर धूळ बसते, झटकली की झाले. पण ज्या पायांत ते बूट जायचे असतात, ते पाय माळ्यावर ठेवता येत नाहीत. सहा महिन्यांत ते वाढतात आणि मऊही पडतात. जूनमध्ये बूट खाली आले की दोन गोष्टी एकदम ध्यानात येतात. बूट आखूड झालेले असतात, आणि मुलाचा दमही.

मी मराठी घेऊन एम. ए. झालेला माणूस. माझा स्वतःचा फुटबॉल शाळेच्या संघातल्या राखीव खेळाडूपलीकडे कधी गेला नाही. बेळगावच्या वेशीवरच्या एका मराठी हायस्कुलात आधी शिक्षक आणि आता मुख्याध्यापक म्हणून हयात चालली आहे. दिवाळी अंकासाठी लिहायचे म्हटल्यावर आमच्यासारख्यांकडून वाचनसंस्कृती, शुद्धलेखन, घटती पटसंख्या हे विषय अपेक्षित असतात. तेही महत्त्वाचेच आहेत. पण गेली काही वर्षे माझ्या मनात जो विषय ठाण मांडून बसला आहे तो या सहा महिन्यांचा आहे, आणि सीमाभागातल्या मराठी मुलांच्या पुढच्या वाटचालीशी त्याचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

आधी वर्षाचे गणित मांडतो. आमच्याकडे शालेय सामने पावसाळ्यात आणि त्याच्या शेपटाला होतात. तालुका, मग जिल्हा, नशीब असेल तर विभाग. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत सगळे उरकते. त्यानंतर दहावीच्या मुलांची शिकवणी, जादा तास, पूर्वपरीक्षा, आणि मार्च-एप्रिलमध्ये एस. एस. एल. सी. मग निकालाची वाट पाहणे, दाखला काढणे, प्रवेशाच्या रांगा. जूनमध्ये पी. यू. कॉलेज सुरू होते आणि पावसाची पहिली झड जमिनीत मुरते न मुरते तोच कॉलेजच्या संघाची निवड लागते. डिसेंबर ते जून या काळात हा मुलगा कुणाचाच नसतो. शाळेने सोडलेला, कॉलेजने अजून न धरलेला. क्रीडाशिक्षकाच्या लेखी तो गेला, आणि कॉलेजच्या प्रशिक्षकाच्या लेखी तो आलेलाच नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या शाळेत डाव्या पायाने खेळणारा एक मुलगा होता. डाव्या बगलेवरून चेंडू घेऊन तो निघाला की समोरच्या शाळेचे मास्तरही टाळी देत. वडील उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला, आई घरचे बघून लोकांच्या शेतात भांगलायला जाई. अभ्यासात मधला. दहावीला बऱ्यापैकी गुण मिळाले आणि एका कॉलेजात प्रवेशही मिळाला. निवडीच्या दिवशी मैदानावर तांबड्या मातीचा चिखल होता. समोर बारावीची मुले, वयाने दोन वर्षांनी मोठी, अंगाने दहा-बारा किलो जड. अर्ध्या तासाने त्याने डावीकडे चेंडू अडवला, वळला, अंग वळले आणि पाऊल चिखलातच राहिले. कुणाचा धक्का नाही, कुणाची लाथ नाही. त्याला आतून 'कट्' असा आवाज आला, एवढेच. डॉक्टरांनी गुडघ्यातले पुढचे लिगामेंट तुटल्याचे सांगितले. शस्त्रक्रियेचा खर्च आणि त्यानंतरचे किमान नऊ महिने हे दोन्ही त्या घराच्या आवाक्याबाहेरचे होते.

गोष्ट इथे संपती तर ती एका गुडघ्याची गोष्ट झाली असती. पण पुढचे ऐका. दहा वर्षे मराठीतून शिकलेला हा मुलगा कॉलेजच्या वर्गात इंग्रजी व्याख्याने ऐकत बसला. शेजारचा मुलगा कन्नड, पलीकडचा इंग्रजी शाळेतला. आपल्याला काही समजत नाही हे सांगायलाही ओळख लागते. ती ओळख संघातून मिळेल असा त्याचा हिशेब होता. डाव्या बगलेवरून दोनदा पळालो की वर्गातली पोरे आपणहून नाव विचारतील, हे त्याने शाळेत अनुभवले होते. तो मार्गच बंद झाला. गणपतीच्या सुट्टीला घरी आला तो पुन्हा कॉलेजला गेला नाही. आज तो वडिलांच्याच फौंड्रीत आहे, कामात चोख आहे, रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याची कुणाविषयी तक्रार नाही. मला मात्र त्याच्या चालण्याकडे पाहवत नाही.

तयारी असती तर तो गुडघा गेलाच नसता, असे छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. दुखापतीत नशिबाचाही वाटा असतो. पण त्यातला नशिबाचा वाटा किती आणि आपल्या हातातला किती, हे आता पुष्कळ कळले आहे. सराव पूर्ण थांबला की दमसास दोन-तीन आठवड्यांतच उतरू लागतो. ताकद जरा जास्त टिकते, पण सहा महिने बसून राहिलेल्या मुलाची तीही ओसरते. शिवाय पंधरा-सोळाचे वय म्हणजे काही मुलांची हाडे अजून झपाट्याने वाढण्याचे वय. हाडे लांबतात, स्नायू मागून येतात, आणि मधल्या काळात मुलाला स्वतःचेच हातपाय परके वाटतात. गुडघ्याखालच्या हाडाचा उंचवटा दुखतो, त्याला मुले 'गाठ आलीय' म्हणतात. अशा शरीराने एकदम पूर्ण ९० मिनिटांच्या, मोठ्या मुलांच्या खेळात उडी घ्यायची. नोव्हेंबरात बंद केलेली मोटार जूनमध्ये काढून थेट चोर्ला घाटात घालावी, तसे हे आहे.

'फिफा' या जागतिक संघटनेच्या वैद्यकीय मंडळींनी २००६ च्या सुमारास वीस मिनिटांचा एक व्यायामक्रम तयार केला. हलके पळणे, एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळकटी, वळताना गुडघा आत झुकू न देणे, असे त्यातले पंधरा प्रकार. नॉर्वेतल्या तेरा ते सतरा वर्षांच्या जवळजवळ १,९०० मुलींवर तो पडताळून पाहिला गेला. २००८ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : हा क्रम नियमाने करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. त्याला यंत्र लागत नाही, जिम लागत नाही. लागते ती सपाट जमीन आणि रोज उठून करून घेणारा माणूस.

असा माणूस आमच्या क्रीडाशिक्षकांच्या रूपाने शाळेत होताच. जोडीला गावातले एक निवृत्त सुभेदार मिळाले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे आमच्या पंचक्रोशीत दर दहा घरांमागे एखादा फौजी सापडतो, आणि पहाटे पाचला उठण्याची सवय पेन्शनबरोबर सुटत नाही. आम्ही तिघांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, दहावीच्या खेळाडूंचा सराव परीक्षेच्या वर्षातही पूर्ण बंद करायचा नाही. आठवड्यातून दोनदा, शाळा भरण्याआधी अर्धा तास, तो वीस मिनिटांचा क्रम आणि दहा मिनिटे चेंडू. दोन, परीक्षा संपल्यावर सहा आठवड्यांचा सकाळचा वर्ग घ्यायचा, आणि मुलाच्या हाती दाखला पडला असला तरी त्याला आपलाच समजायचे.

दुसरी गोष्ट सोपी गेली. पहिलीसाठी भांडावे लागले. संस्थेच्या सभेत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "हेडमास्तर, निकाल खाली आला तर उत्तर कोण देणार?" प्रश्न रास्त होता. सीमाभागातली मराठी शाळा निकालावर जगते. पाच मुले नापास झाली की पुढच्या वर्षी दहा पालक दाखला मागायला येतात. मी एका वर्षाची मुदत मागून घेतली. वर्षअखेरीस त्या अकरा मुलांचे गुण सभेपुढे ठेवले. खेळल्यामुळे गुण वाढले असा दावा मी केला नाही, आजही करत नाही. कमी झाले नव्हते, एवढे कागदावर दिसत होते. तेवढे पुरले.

पालकांचे समाधान कागदाने होत नाही. एक आप्पा जानेवारीतच तणतणत ऑफिसात आले. "सर, पोरगं काय पायानं पेपर लिवणार हाय काय?"

मी म्हटले, "आप्पा, बैलाला पेरणीआधी चार महिने गोठ्यात बांधून ठेवता काय तुम्ही?"

"मग पाय धरतंय की जनावर."

"तेच सांगतोय."

आप्पा थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. मग म्हणाले, "अर्धाच तास ना? घड्याळ लावून सोडा म्हंजे झालं." ते पुढे मे महिन्यात रोज पहाटे पोराला मोटारसायकलवरून आणून सोडत आणि बांधावर बसून दात घासत सगळा व्यायाम पाहत.

आता त्या सहा आठवड्यांविषयी. परीक्षा संपल्यानंतरचे पहिले दहा दिवस मुलांना काहीही सांगत नाही. विहिरीत पोहा, आंबे पाडा, मामाच्या गावाला जा, झोपा. परीक्षेच्या काळात त्यांची झोप तुटलेली असते, आणि या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. विश्रांती हाही तयारीचाच भाग आहे, हे सुभेदारांच्या गळी उतरवायला मात्र वेळ लागला. अकराव्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर.

पहिले दोन आठवडे चालणे-पळणे आलटून पालटून, आणि स्वतःच्या वजनाचे व्यायाम. इथे आपली तालीम उपयोगी पडते. बैठका, जोर, सपाटे ही नावे उच्चारली की येळ्ळूर-कंग्राळीकडच्या पोरांना शिकवावे लागत नाही. कोल्हापुरात तर फुटबॉल तालमीच्याच अंगणात वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तिथल्या नामवंत संघांची नावे मूळ तालमींची आहेत. पावसाने शाहू स्टेडियमवरचे सामने थांबले तरी तालमीचे दार बंद होत नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, तेव्हा आमच्या शाळेत प्रोजेक्टरवर सामना दाखवला होता. आपल्या बोलीत बोलणारे पोर तिथवर पोचते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ताकदीचा जोर वाढतो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात वाळू भरून केलेल्या पिशव्या, एका पायावरच्या बैठका, आणि एक प्रकार ज्याला मुलांनी 'पडता खांब' नाव दिले आहे. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने मागून घोटे धरायचे, आणि कंबर न मोडता हळूहळू पुढे झुकत जायचे. तोल सुटेपर्यंत मांडीच्या मागच्या स्नायूंनी अंग रोखून धरायचे. पहिल्या दिवशी अकरापैकी नऊ जण मातीत तोंडघशी पडतात आणि सगळे हसतात. ताकदीच्या व्यायामाने पोराची उंची खुंटते, अशी समजूत आमच्याकडे अजून आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, बेताबेताने केलेल्या व्यायामाने असे काही होत नाही. आठवड्यातून एकदा राजहंसगडाची चढण. वर पोचल्यावर शिवार, तळी, दूरवरचे शहर पाहत बसायचे आणि उतरताना पळायचे नाही, चालायचे. उतारावर गुडघ्याला दामदुप्पट भार पडतो.

शेवटच्या दोन आठवड्यांत वेग, वळणे आणि चेंडू. चौघांविरुद्ध चौघे असे छोटे खेळ. कोपऱ्यात उड्या मारून उतरण्याचा सराव चालूच असतो, कारण माझ्या डोळ्यांसमोर ते चिखलातले पाऊल असते. सुरुवातीला आणि शेवटी बारा मिनिटांत कोण किती पळतो ते मोजतो. केनेथ कूपर नावाच्या अमेरिकी वायुदलातल्या डॉक्टरांनी १९६८ साली रूढ केलेली ही चाचणी. शाळेच्या मैदानाची फेरी चुन्याने आखून घेतली की झाले. यात पहिला कोण आला ते फळ्यावर लिहीत नाही. प्रत्येकाने आपल्याच एप्रिलच्या आकड्याशी झुंजायचे.

उन्हाच्या बाबतीत एक धडा अमेरिकेतून आला. माझा एक जुना विद्यार्थी टेक्सासमध्ये असतो. त्याचा मुलगा तिथल्या हायस्कुलात फुटबॉल खेळतो. त्यांचा फुटबॉल वेगळा, लंबगोल चेंडू हातात धरून धडका देण्याचा. पण हायस्कुलातून कॉलेजात जाणाऱ्या खेळाडूची हंगामाबाहेरची तयारी तिथे शाळा फार गांभीर्याने घेतात. भर उन्हाळ्यातल्या सरावात मुले दगावल्याचे प्रसंग तिथे घडले, आणि २००९ साली तिथल्या क्रीडा-आरोग्य तज्ज्ञांच्या संघटनेने शाळकरी खेळाडूंसाठी १४ दिवसांचा नियम सांगितला. पहिले पाच दिवस दिवसातून एकच सराव, शिरस्त्राण आणि इतर जाड संरक्षक पोशाख टप्प्याटप्प्याने चढवायचा, शरीराला उन्हाची सवय होऊ द्यायची. आपले बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास उंचीवरचे, मे महिन्यातही पहाट सुखाची. तरी घरात बसून अभ्यास केलेल्या मुलाला उन्हाची सवय राहिलेली नसते. म्हणून आम्ही साडेसातला शिट्टी वाजवतो, आणि पाणी मागणाऱ्या मुलाला 'नाजूक' म्हणायला सुभेदारांनाही बंदी आहे.

खाण्याविषयी मुलांच्या आया विचारतात. शेजारच्या जिममधल्या कुणीतरी पोराच्या डोक्यात पावडरीच्या डब्याचे खूळ भरलेले असते आणि त्या डब्याची किंमत ऐकून घरात वाद झालेला असतो. मी त्यांना सांगतो, डबा नको. मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगदाण्याचा लाडू, नाचणीची आंबील, भात-आमटी, खात असाल तर रोज दोन अंडी, मिळेल तेवढे दूध. सरावाआधी केळे. आपल्या शिवारात पिकते त्यात या पोरांना लागणारे सगळे आहे. फक्त ते वेळेवर आणि पोटभर मिळाले पाहिजे. बुटांचा प्रश्न मात्र आंबिलीने सुटत नाही. त्यासाठी शाळेत एक कपाट केले आहे. आखूड झालेले बूट तिथे आणून ठेवायचे आणि आपल्या मापाचे न्यायचे. वाढत्या पावलाला दरवर्षी नवे बूट घेणे कुणालाच परवडत नाही.

माझ्यातला मराठीचा मास्तर या सगळ्यात गप्प बसला नाही. प्रत्येक मुलाकडे एक वही असते. रोज किती तास झोपलो, काय खाल्ले, कुठे दुखले, हे त्यात मराठीत लिहायचे. तिसऱ्या आठवड्यापासून तेच शेजारच्या पानावर इंग्रजीत. मांडीच्या मागचा स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंग, पोटरी म्हणजे काफ, मुरगळणे म्हणजे स्प्रेन. कारण कॉलेजातला प्रशिक्षक याच शब्दांत विचारणार, आणि "कुठे दुखतंय?" याचे उत्तर न सुचल्यामुळे दुखणे लपवणारी मुले मी पाहिली आहेत. कन्नडची फारशी चिंता नसते. 'हिंदे बंदा!' अशी आरोळी आली की मागून गडी आला हे आमच्या पोरांना मराठीइतकेच समजते. गल्लीत खेळताना ते शिकून झालेले असते. मैदानावर तिन्ही भाषा एकाच वेळी ओरडल्या जातात. कोणती भाषा कुणाची, याची तिथे कुणी विचारपूस करत नाही. चेंडू पोचला पाहिजे, एवढेच.

मुलींविषयी वेगळे लिहायला हवे. त्यांचे बूट माळ्यावर जात नाहीत, धाकट्या चुलत भावाला दिले जातात. आठवी-नववीत धडाडीने खेळलेली मुलगी दहावीनंतर खेळेल, हे घरात कुणी गृहीतच धरलेले नसते. मुलींना त्या लिगामेंटच्या दुखापतीचा धोका त्याच खेळातल्या मुलांपेक्षा जास्त असतो. शिवाय अंगात लोह कमी पडल्यामुळे त्या लवकर थकतात. म्हणजे या मधल्या तयारीची खरी गरज त्यांनाच अधिक. पहिल्या वर्षी वर्गाला एकही मुलगी आली नाही. दुसऱ्या वर्षी आमच्या गणिताच्या बाईंनी स्वतः सकाळी यायचे कबूल केले तेव्हा तीन आल्या. गेल्या उन्हाळ्यात सात होत्या. एका आईने फाटकाशी उभे राहून विचारले, "बाई असणार ना रोज?" बाई रोज असतात, गुडघा त्यांचाही दुखतो, आणि तो वीस मिनिटांचा क्रम आता त्याही करतात.

आमचा भाग या खेळाच्या दृष्टीने मोक्याचा आहे. सव्वाशे किलोमीटरच्या आत एकीकडे कोल्हापूर, दुसरीकडे गोवा. माझ्या शाळकरी वयात, १९८३ आणि १९८४ साली, गोव्याने लागोपाठ संतोष करंडक जिंकला. पहिल्यांदा बंगालबरोबर संयुक्तपणे, दुसऱ्यांदा स्वतंत्रपणे. तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येक गोलरक्षकाला ब्रह्मानंद व्हायचे होते. त्याच ब्रह्मानंद शंखवाळकरांना १९९७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री मिळाली. मोठे खेळाडू घडतात तेव्हा आपण सामने पाहतो, टाळ्या वाजवतो. पावसाळ्यातला वाळूवरचा सराव, तालमीतली बैठक, रिकाम्या मैदानावरची पहाट, हे कुणी पाहायला येत नाही.

आमच्या वर्गातून अजून कुणी मोठा खेळाडू झालेला नाही, आणि होईलच असे आश्वासन मी देत नाही. काही मुले कॉलेजच्या संघात गेली, दोघे विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचले, एक फौजेत गेला. काहींची निवड झाली नाही. पण वर्षाच्या मध्यात कॉलेज सोडून परत येणाऱ्या आमच्या खेळाडूंची नावे मी ठेवतो, आणि ती यादी वाढलेली नाही. गेल्या वर्षी निवड न झालेला एक मुलगा या एप्रिलमध्ये आपणहून सकाळी आला. धाकट्या पोरांचे घोटे धरून तो आकडे मोजत होता. कॉलेज कसे चाललेय विचारल्यावर म्हणाला, "इंग्लिश जड जातंय सर, पण जातोय रोज. आमच्या वर्गातला हुबळीचा एक पोरगा हाय, माझ्यासंगं निवडीला होता. आता आम्ही दोघं एकाच बाकावर बसतोय."

ज्या पालकांच्या घरी यंदा दहावी आहे त्यांना एकच विनंती करावीशी वाटते. रिमोट लपवा, मोबाइल कुलपात घाला, त्याला माझा विरोध नाही. आठवड्यातले दोन अर्धे तास मात्र मुलाच्या पायांसाठी राहू द्या, आणि परीक्षा झाल्यावर त्याला दहा दिवस झोपू द्या. तुमच्या गावातही एखादा निवृत्त फौजी पहाटे पाचला जागा होऊन चहाची वाट पाहत बसलेला असेल. त्याला जाऊन विचारा. शाळेचे फाटक उघडून देणारा मुख्याध्यापक शोधावा लागेल, पण तोही सापडतो. आमचा पुढचा वर्ग नेहमीप्रमाणे परीक्षेनंतरच्या अकराव्या दिवशी सकाळी सहाला सुरू होईल. शाळा कोणती, हे आम्ही विचारत नाही. पाण्याची बाटली घेऊन यावे.